पाहुण्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

नागपुरात धंतोलीत नेत्रतपासनीस आहे मी. रविवारी वर्धा रोडवर नेत्रपरिषद आहे, रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे, दोन पाहुणे डॉक्टर बोलायला येताहेत. प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं मिळतील. मनात एकच विषय आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा. मागच्या महिन्यात एक आई अपुऱ्या दिवसांत जन्मलेलं, अकरा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. टॉर्च हलवला, नजर फिरलीच नाही. डोळे तपासा, असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

— मग तेच विचारा ताई. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर त्याचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायला हवेत. ही तारीख डिस्चार्ज कार्डावरच कशी येईल?

— गडचिरोलीचंही विचारा जी. एसटीनं नागपूरले येईस्तोवर दिवस जातो. तिथंच पडद्याचे फोटो काढून इकडे पाठवता येतील काय?

— चहाच्या वेळी गाठा त्यांना. सभागृहात घाई असते.