आई पडल्या, हाड मोडलं नाही, तरी फिजिओ करायचं का?

इंदिरानगरची_सून
जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज. माझ्या सासूबाई, वय ७४, मागच्या महिन्यात पहाटे बाथरूमला जाताना मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. एक्सरेत काही निघालं नाही, नुसता मुका मार होता, आठ दिवसांत सूज पण गेली. पण तेव्हापासून आई पार बदलल्यात. आधी रोज जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या व्हायच्या, येताना भाजी पण स्वतःच घेऊन यायच्या, आता हॉलमधून किचनपर्यंत भिंत धरून येतात आणि बाकी दिवसभर पलंगावर. म्हणतात, "परत पडून तुमच्या जिवाला घोर नको, मी आपली बसलेली बरी."
डॉक्टरांनी फिजिओ लिहून दिलंय. घरात सगळ्यांचं म्हणणं, हाड मोडलं नाही तर फिजिओ कशाला, ते ऑपरेशननंतर करतात. आणि मलाही खरंच कळत नाहीये की मशीनने शेक देऊन पडणं कसं थांबणार? बीपीची गोळी चालू आहे, रात्री झोपेची पण, शुगर बारा वर्षांपासून आहे. कोणाच्या घरी अनुभव असेल तर सांगा.

पंचवटीकर
ताई, करा. लगेच करा. आमच्या वडिलांचं डिट्टो असंच झालं होतं. पावसाळ्यात घाटाच्या पायरीवर शेवाळावरून घसरले, लागलं काही नाही, आम्ही म्हटलं देवाने वाचवलं आणि विषय सोडून दिला. त्यांनी भीतीने बाहेर जाणं बंद केलं, वाड्याचा जिना पण उतरेनात, आम्हाला वाटलं बरंय, घरात आहेत म्हणजे सेफ आहेत. पाच महिन्यांत मांड्या अशा वाळल्या की खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवायला लागायचे, आणि मग एक दिवस घरातच, सपाट फरशीवर, नुसतं वळताना पडले आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशननंतर फिजिओने जे व्यायाम करून घेतले ना, खुर्चीतून ऊठबस, टाचा उचलणं, आडवं चालणं, ते सगळं पहिल्यांदा पडले तेव्हाच करता आलं असतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

फिजिओ_नाशिकरोड
मी याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शेक हा दुखण्यासाठी असतो, पडणं थांबवायचं फिजिओ वेगळं, त्यात मशीनचं काम जवळजवळ नसतंच.
माणूस अडखळला की घोटा आणि खुबा लगेच सावरायला लागतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर एक पाऊल पटकन पुढे टाकावं लागतं. त्याला मांडीत ताकद पाहिजे आणि ते पाऊल वेळेत पडायला पाहिजे. वयाने या दोन्ही गोष्टी कमी होतात, बसून राहिलं की अजून पटापट होतात. पण सत्तरी-ऐंशीतही सरावाने परत वाढतात, हे मी रोज बघतो. कॉक्रेन म्हणून जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था आहे, तिने २०१९ मध्ये शंभरावर ट्रायल एकत्र करून बघितल्या तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी निघालं होतं, आणि त्यात बॅलन्सचे व्यायाम महत्त्वाचे. नुसतं ट्रॅकवर फिरणं म्हणजे बॅलन्सचा व्यायाम नाही, हे मात्र लोकांना पटत नाही.
घरी एक टेस्ट करा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या वेगाने चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाईलवर वेळ लावा आणि तुम्ही अगदी शेजारून चाला. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची जोखीम आहे असं धरतात. आम्ही पुढे एका पायापुढे दुसरा पाय लावून १० सेकंद उभं राहता येतं का ते बघतो, पण ती तुम्ही एकट्यांनी करू नका.
व्यायाम साधे असतात. ओटा धरून टाचा-चवडे उचलणं, हात न टेकवता खुर्चीतून उठणं, घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय उचलणं. न्यूझीलंडचा ओटागो नावाचा प्रोग्रॅम याच धर्तीवर आहे, आठवड्यातून ३ वेळा, आणि हळूहळू अवघड करत न्यायचं. अवघड करत न्यायचं हे महत्त्वाचं, नाहीतर सहा महिने तेच दहा वेळा करून काही उपयोग नाही. आणि जमिनीवरून उठायचं कसं ते शिकवून घ्या, कारण निम्मी भीती पडल्यावर उठता येणार नाही याची असते.
तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी डॉक्टरांना नक्की सांगा. झोपेची गोळी आणि पहाटेचं पडणं, याचा संबंध असू शकतो (स्वतःहून गोळी बंद करू नका). आणि बीपी आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर असं दोनदा मोजायला लावा, उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्तने उतरत असेल तर ते पण कारण असू शकतं. बारा वर्षांची शुगर आहे म्हणजे तळव्यांना स्पर्श कळतो का तेही तपासून घ्या.

गोदाकाठचे_काका
मी ७१ वर्षांचा आहे, स्वतःचं सांगतो. पडल्याची लाज वाटते हो, म्हणून आम्ही घरात सांगतच नाही. मी दोनदा पडलो आणि मुलाला कळू दिलं नाही. सूनबाई, त्यांना "तुम्ही पडाल, बसा" असं कोणी म्हणू देऊ नका, त्याने हातपाय अजून गळतात. मला फिजिओ मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, काका, आता ओट्याचा हात सोडा, मी आहे मागे. सोडला. तीन सेकंद उभा राहिलो. आता एका पायावर वीसपर्यंत मोजतो. आणि बाथरूमला दांडी बसवा, टॉवेलचा रॉड नको, तो हातात येतो.

इंदिरानगरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेस्ट केली, १९ सेकंद लागले, वळताना दोनदा थांबल्या. आमच्या ह्यांनी स्वतः वेळ लावली होती, त्यानंतर कोणी काही बोललं नाही. काकांची पोस्ट आईंना वाचून दाखवली, तर हळूच म्हणाल्या, दिवाळीत पण एकदा पडले होते गच्चीत, सांगितलं नाही. सोमवारपासून फिजिओ घरी येणार आहेत. पायपुसणी उचलली, पॅसेजमध्ये रात्रीचा लाईट लावला, दांडीवाला उद्या येतोय. एकच विचारायचं राहिलं, आई घरात पायात काहीच घालत नाहीत, शुगर आहे तर मागून पट्टा असलेली चप्पल बरी की बूट?

फिजिओ_नाशिकरोड
मागून पट्टा हवाच, तळ पातळ आणि न घसरणारा, सपाता अजिबात नकोत. सोमवारी येतील त्यांना पाय दाखवून मगच घ्या, आणि गच्चीतलं पडणं पण सांगा त्यांना.