बिडाची बुलेट घेऊन आज लांबच्या प्रवासाला निघावे का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

उद्यमनगर :

एप्रिल २०१० पासून दुचाकींना भारत स्टेज ३ चे प्रदूषण-निकष देशभर लागू झाले आणि त्याच सुमारास रॉयल एनफिल्डने बुलेटचे बिडाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले कास्ट आयर्न इंजिन बनवणे थांबवले. याचा अर्थ रस्त्यावर दिसणारी शेवटच्या काळातली कास्ट आयर्न बुलेटसुद्धा आता पंधरा वर्षांची झाली आहे. तिची नोंदणी नूतनीकरणाला आली आहे, पर्यावरण कर भरावा लागतो आहे, आणि त्याच वेळी "ही गाडी आता गावातल्या गावात फिरवायला ठेवा, लांब जायला नवी घ्या" असा सल्ला मालकांना घरातून आणि मित्रांकडून मिळू लागला आहे. मला हा सल्ला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर मांडतो, म्हणजे ज्यांना विरोध करायचा आहे त्यांना नेमका मुद्दा हाती लागेल.

माझे म्हणणे असे की ३५० सीसीची बिडाची बुलेट कोल्हापूरहून हंपीला, गोकर्णला किंवा आंबोलीचा घाट उतरून कोकणात नेण्यास आजही पूर्णपणे योग्य आहे. अट एकच आहे : तिची नेहमीची निगा चालवणाऱ्याने स्वतःच्या हाताने राखली पाहिजे. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे हे इंजिन जेमतेम १८ अश्वशक्ती देते, पण ती कमी फेऱ्यांवर देते, त्यामुळे ताशी ६० ते ६५ च्या वेगाने ते दिवसभर न दमता चालते. त्याहून अधिक वेगाची अपेक्षा ज्याला आहे त्याने ही गाडी नेऊ नये, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो.

निगा म्हणजे काय, हे मोघम राहू नये म्हणून एक काम नीट सांगतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) ढिलाई, बघायची ती पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना. सिलिंडरच्या उजव्या अंगाला एक छोटे झाकण असते, ते काढले की दोन पुशरॉड समोर येतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणून एकेक पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवावा. तो बोटांच्या जोराने सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. हलत असेल तर टकटक आवाज येईल, आणि फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे घाटात ताकद पडेल आणि काही दिवसांत व्हॉल्व्ह जळेल. तीन पाने (स्पॅनर) आणि पंधरा मिनिटे, एवढेच हे काम आहे. पॉइंटचेही, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचेही, तसेच आहे. त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची असते, परंतु पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट हळूहळू मिटत जाते आणि तिच्याबरोबर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळही, मागे पडते. मग गाडी चढाला कुंथते, सायलेन्सर नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला लागतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेस यांची तेले वेगवेगळी असतात, ती तीनही ठिकाणी बघावी लागतात, हे तर सांगायलाच नको.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी नवी गाडी क्वचित बंद पडते, हे खरे आहे. पण पडली तर पंप किंवा सेन्सर रस्त्यावर दुरुस्त होत नाही आणि गाडी टेम्पोत घालावी लागते. बुलेटचा बिघाड बहुधा डोळ्यांना दिसतो आणि हाताला सापडतो. जो माणूस तिचे अंतरंग जाणतो त्याच्यासाठी ती अधिक भरवशाची आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

चौपदरी :

आपण इंजिनाविषयी जे लिहिले त्यातील एकही वाक्य मला खोडावेसे वाटत नाही. माझा आक्षेप असा की आपण फक्त इंजिनाविषयीच लिहिले. घाटात इंजिन बंद पडले तर माणसाचा दिवस वाया जातो, पण गाडी वेळेवर थांबली नाही तर त्याचा जीव जातो.

१२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे. आपल्या गाडीला पुढे आणि मागे ड्रम आहेत आणि पुढचा ब्रेक केबलवर चालतो. पुणे-बंगळूर महामार्गावर आपल्यापुढे जी मोटार धावत असते तिला चारही चाकांना डिस्क असू शकतात. ती जिथे थांबेल तिथे आपण थांबू शकत नाही आणि आपल्या मागच्या ट्रकला तर हे ठाऊकही नसते. हा रस्ता दुपदरी होता, दोन्ही बाजूंना वडाची झाडे होती आणि सगळेच साठने चालत होते, तेव्हा ही गाडी त्या रस्त्याच्या मापाची होती. आता रस्ता बदलला आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे त्याला काही अडचण नाही. परंतु आज बहुतेक मालक रोज कामावर दुसरी मोटारसायकल नेतात, जिचा ब्रेक उजव्या पायाला असतो, आणि बुलेट सुटीच्या दिवशी बाहेर काढतात. शांतपणे चालवताना पाय बरोबर पडतो. कुत्रे आडवे आले की पाय सवयीचा असतो तिकडे जातो, आणि उजवा पाय दाबल्यावर ब्रेकऐवजी गिअर पडतो. सरावाने ही चूक कमी होते, पण ज्या क्षणी ती व्हायला नको त्याच क्षणी ती होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

हेडलाइटविषयी एवढेच म्हणतो की ३५ वॅटच्या बल्बवर पावसाळ्यातला कोकणचा रस्ता रात्री दिसत नाही.

गॅरेजवाला :

मी या गाड्या उघडून पोट भरतो, त्यामुळे मला त्यांच्याविषयी ममत्व आहे. तरीही मूळ लेखात एक मोठी बाजू सुटली आहे, ती म्हणजे सुट्या भागांची. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत बुलेटचे सगळे मिळते, असे लोक अभिमानाने सांगतात. मिळते हे खरे. पण त्या मालात चांगले कोणते आणि पहिल्या शंभर किलोमीटरला जाणारे कोणते, हे डब्यावरून ओळखता येत नाही. कंडेन्सर, म्हणजे ठिणगी नीट पडावी म्हणून पॉइंटला जोडलेला छोटा विद्युत भाग, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. नवा कोरा कंडेन्सर बसवून माणूस निघतो, इंजिन तापले की ठिणगी जाते, गार झाले की परत येते, आणि तो दिवसभर पेट्रोलची नळी साफ करत बसतो.

म्हणून माझा सल्ला असा असतो की सोबत न्यायचे पॉइंट, कंडेन्सर आणि क्लचची केबल आधी गाडीवर बसवून महिनाभर वापरावीत, मग काढून पिशवीत ठेवावीत. पारखलेला जुना भाग हा न वापरलेल्या नव्या भागापेक्षा प्रवासात अधिक कामाचा असतो. शिवाय सिलिंडर आतून कातून किती वेळा रुंद (बोअर) झाला आहे आणि ओव्हरसाइज पिस्टनची शेवटची पायरी आली आहे का, हे ठाऊक नसताना कोणी हंपीचे बेत करू नयेत. स्वतःच्या हाताने टॅपेट लावता येतात, पण बिगएंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा, आवाज ओळखायला कान तयार व्हावा लागतो, आणि तो कान महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याचा तयार होत नाही.

उद्यमनगर :

चौपदरी यांचा पायाचा मुद्दा मला पटतो आणि त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : लांबच्या प्रवासाआधी आठवडाभर रोजच्या कामालाही बुलेटच न्यावी. ज्याला ते जमणार नाही त्याने त्या वेळी प्रवासाला दुसरी गाडी घ्यावी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी पूर्ण माघार घेणार नाही. पुढचा ७ इंची ड्रम दोन लीडिंग शूंचा असतो, म्हणजे चाक फिरताना दोन्ही शू ड्रमवर आपोआप अधिक दाबले जातात. तो निकामी वाटतो याचे कारण बहुधा असे असते की नवे शू ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकतच नाहीत, फक्त मधल्या किंवा टोकाच्या भागावर घासतात. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर शूची गोलाई ड्रमच्या मापाला आणून देतात, दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी मधली काडी जुळवून घेतली की तोच ब्रेक ओळखू येत नाही. तो एबीएसच्या बरोबरीचा होतो असा माझा दावा नाही. पण धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ८० ऐवजी ६० ने जाणाऱ्याला ब्रेककडून जवळजवळ निम्मेच काम करून घ्यायचे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना तसेही बंद आहेत. पुणे-बंगळूर रस्त्याऐवजी गगनबावड्याने किंवा आजऱ्याने खाली उतरता येते, आणि फिरायला निघालेल्या माणसाने तसेच जावे असे मला वाटते.

झोजीला :

मूळ लेखात हंपी आणि गोकर्णच आले, म्हणून लडाखचे लिहितो, कारण बुलेट म्हटले की निम्म्या लोकांच्या मनात लडाखच असते. तांगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरते. ताकद प्रत्येक साध्या इंजिनाची कमी होते, नव्याचीही होते. फरक असा की इंजेक्शनची गाडी विरळ हवा ओळखून पेट्रोल कमी सोडते, तर कार्ब्युरेटर खालच्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळा पडतो, धूर येतो आणि १८ अश्वशक्तीतले जे काही उरलेले असते तेही नीट मिळत नाही. पेट्रोल कमी सुटावे म्हणून कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच वर घ्यायची आणि खाली उतरल्यावर आठवणीने पूर्ववत करायची, हा उपाय सर्वांना माहीत असतो. पण तो थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, दुखणाऱ्या डोक्याने करायचा असतो, आणि अशा ठिकाणी माणसाने गाडीपेक्षा स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरात चालवण्यास मनाई करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला होता. त्याच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत आले आहेत, म्हणून त्या बाजूने जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ताजी स्थिती पाहावी. सह्याद्रीसाठी उद्यमनगर यांचे म्हणणे मला मान्य आहे, हिमालयासाठी नाही.

मागची सीट :

मी बरीच वर्षे पतीच्या बुलेटवर मागे बसून प्रवास करते आणि या चर्चेत मागे बसणाऱ्याचा विचार कोणीच केला नाही, म्हणून लिहिते आहे. साठच्या वेगाला ही गाडी नव्या कित्येक गाड्यांपेक्षा सुखाची आहे, हे मी अनुभवाने सांगते. सत्तरच्या पुढे मात्र फूटरेस्टमधून येणाऱ्या कंपनांनी तळपायांना मुंग्या येतात, आणि पुढे हँडल धरून बसलेल्याला ते कळत नाही.

माझा खरा आक्षेप रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या कौतुकाला आहे. ज्याच्या हातात पाना असतो त्याचा वेळ जातो, त्याला काम फत्ते झाल्याचे समाधानही मिळते. दुसरी व्यक्ती त्या वेळी उन्हात, जिथे सावली नाही आणि स्वच्छतागृह तर नाहीच नाही अशा ठिकाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलत उभी असते. बिघाड हाताला सापडतो हा गाडीचा गुण असेल, पण दोघांनी निघायचे असेल तर अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचायचे आणि त्याला पुरेल एवढेच अंतर ठरवायचे, हे घरून निघण्याआधी कबूल झाले पाहिजे. आम्ही तसे ठरवले आहे आणि तेव्हापासून मी आनंदाने जाते.

चौपदरी :

मागची सीट यांच्या अटी मूळ लेखातल्या अटीपेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत, असे मला वाटते. एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींचे मायलेज त्याने ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले आहे. मायलेजचे मला फारसे नाही. रबर, टाकी आणि तापणारा प्लग यांचे काय करायचे, ते गॅरेजवाला यांनी सांगावे.

गॅरेजवाला :

सांगतो. पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग फुगले आहेत का ते दर पावसाळ्याआधी बघावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा वाडगा रिकामा करावा आणि टाकी अर्धी ठेवू नये, कारण गंज वरच्या मोकळ्या पत्र्याला आधी लागतो. मिश्रण पातळ होत असल्याने, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याने, मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा लागू शकतो, पण तो ऐकीव माहितीवर बदलू नये. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगाने जाऊन इंजिन चालतेवेळीच बंद करावे, क्लच दाबून कडेला थांबावे आणि प्लग गार झाल्यावर काढून बघावा. तो विटकरी-तपकिरी असेल तर काहीही बदलू नका. पांढरट असेल तर निघण्याचा दिवस पुढे ढकला आणि गाडी घेऊन या.