केनियातील सरकारी दवाखान्यांसाठी रुग्णनोंदींची प्रणाली: बाहेरच्या अभियंत्याने जावे का, आणि जाऊन नेमके काय करावे?

खडकवासला:

नमस्कार. मी पुण्यात ११ वर्षे सॉफ्टवेअरचे काम करत आहे. त्यांतील शेवटची ३ वर्षे माता-बाल आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका प्रणालीवर गेली. आता नैरोबीतील एका संस्थेने मला २ वर्षांच्या करारावर बोलावले आहे. काम पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या काउंट्यांतील (काउंटी म्हणजे तेथील स्वतंत्र सरकार असलेला प्रशासकीय विभाग) सरकारी दवाखान्यांमध्ये रुग्णनोंदींची प्रणाली बसवण्याचे आणि ती राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीशी जोडण्याचे आहे.

तांत्रिक बाजूची मला फारशी धास्ती वाटत नाही. आरोग्याच्या आकडेवारीची डीएचआयएस-२ ही प्रणाली मी वापरली आहे आणि रुग्णनोंदींच्या ओपनएमआरएस या प्रणालीची रचना समजून घेतली आहे. मनात दोन शंका आहेत. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यावर तेथील अनेक आरोग्य कार्यक्रमांना अचानक काम थांबवावे लागले. अशा पैशावर उभ्या असलेल्या प्रणालीत दोन वर्षे घालवली आणि ती नंतर बंद पडली, तर ज्या परिचारिकेला आपण ती वापरायला शिकवले तिला काय सांगायचे? दुसरी शंका अशी की नैरोबीत उत्तम अभियंते आहेत हे मला ठाऊक आहे. मग मी तेथे जाऊन कोणाची जागा तर अडवणार नाही ना? ज्यांनी तेथे प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळ्याकाठी:

मी सियाया आणि किसुमू या दोन काउंट्यांत ४ वर्षे अशाच कामावर होते, म्हणून जरा लांबीने लिहिते.

आपण तांत्रिक बाजूची धास्ती नाही असे लिहिले आहे, आणि नेमके तेथूनच सुरुवात करावीशी वाटते. गावातल्या छोट्या दवाखान्यात बहुधा एक किंवा दोन परिचारिका असतात. गरोदर स्त्रीची तपासणी, लसीकरण, तापाच्या रुग्णांची मलेरियाची चाचणी आणि आलीच तर अडलेली बाळंतीण, हे सारे त्याच पाहतात. प्रत्येक कामाची नोंदवही वेगळी असते आणि ती तिच्या क्रमांकाने ओळखली जाते. प्रसूतिपूर्व तपासणीची नोंदवही म्हणजे एमओएच (आरोग्य मंत्रालय) ४०५, आणि तिच्यातून महिनाअखेरीस बेरजा करून भरायचा गोषवारा म्हणजे एमओएच ७११. एचआयव्ही कार्यक्रमाचा गोषवारा ७३१, बाह्यरुग्णांचा ७०५. हे गोषवारे उपकाउंटीच्या नोंद अधिकाऱ्याकडे जातात आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत राष्ट्रीय प्रणालीत चढतात. केनियाने २०११ मध्ये डीएचआयएस-२ देशभर ऑनलाइन स्वरूपात लागू केले, तेव्हापासून हा ओघ बऱ्यापैकी शिस्तीत चालतो.

आपण जी नवी प्रणाली घेऊन जाल ती सुरुवातीला या नोंदवह्यांच्या जागी येत नाही, त्यांच्यावर आणखी एक काम म्हणून येते. वही बंद करण्याचा अधिकार आपल्याला नसतो. म्हणून परिचारिका दिवसा वहीत लिहिते आणि संध्याकाळी तेच संगणकात भरते. आमच्या प्रणालीत मी शेवटच्या पाळीची तारीख अनिवार्य केली होती, कारण त्याशिवाय गर्भाचे वय काढता येत नाही. दोन महिन्यांनी आकडे पाहिले तेव्हा एका दवाखान्यातील बहुतेक स्त्रियांची ती तारीख महिन्याची १ तारीख होती. स्त्रीला तारीख आठवत नसे, संगणकाचा पडदा पुढे सरकत नसे आणि बाहेर रांग वाढत असे, म्हणून परिचारिकेने तिच्या परीने मार्ग काढला होता. कागदावरील वहीत ती तेथे प्रामाणिकपणे मोकळी जागा सोडत असे. तिला खोटे लिहायला मी भाग पाडले होते, आणि मुख्य कार्यालयात मात्र माहितीच्या परिपूर्णतेबद्दल आमचे कौतुक चालले होते. ती अट काढून ‘माहीत नाही’ हा पर्याय देणे अर्ध्या दिवसाचे काम होते, पण ते सुचायला मला त्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसावे लागले.

दुसरा प्रसंग सांगते, कारण तो आपल्या कामाशी थेट जोडलेला आहे. सरोवराकाठच्या लुओ समाजात मुलाचे नाव बहुधा जन्मवेळेवरून ठेवतात. रात्री जन्मलेली मुलगी अतिएनो, सकाळची अकिन्यी, भर दुपारची अचिएंग. त्यामुळे एकाच गावात एकाच नावाच्या अनेक स्त्रिया सापडतात. जन्मतारीख अंदाजे असते आणि दिलेला फोन क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा किंवा शेजारणीचा असतो. दुबार नोंदी शोधण्यासाठी आमच्या संस्थेने एक जुळवणी बसवली होती, जी आई, गाव, जन्मतारीख आणि फोन क्रमांक जुळले की दोन नोंदी एक करीत असे. जुळ्या मुलींपैकी पहिलीला अपियो आणि दुसरीला अदोंगो म्हणतात, आणि हे त्या दवाखान्यातील प्रत्येकाला ठाऊक होते. आम्ही मात्र नावाला सर्वांत कमी वजन दिले होते. परिणामी एका जुळ्या जोडीची एकच नोंद उरली आणि दुसऱ्या मुलीचे गोवराच्या लसीचे स्मरण कोणालाही गेले नाही. आईकडची लसीकरणाची पुस्तिका पाहून तेथील परिचारिकेने ही चूक पकडली. ती मुलगी सुखरूप राहिली, तरी त्या दिवसाची आठवण मला आजही अस्वस्थ करते. जुळवणीचे नियम ठरवताना स्थानिक नोंद अधिकारी शेजारी बसलेला असला पाहिजे, हे मी तेथे शिकले.

विजेची आणि नेटवर्कची अडचण आपण गृहीत धरलीच असेल. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांची प्रणाली पाहा, तिच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. २०२३ च्या सप्टेंबरात केनिया सरकारने १ लाखांहून अधिक सामुदायिक आरोग्य प्रवर्तकांना औषधपेटी आणि स्मार्टफोन देण्याचा कार्यक्रम सुरू केला. एका प्रवर्तकाकडे साधारण १०० घरे असतात, म्हणजे आपल्या आशाताईंपेक्षा लोकसंख्या कमी, पण कामाची जात तीच. मानधन महिना ५,००० शिलिंग ठरले असून ते राष्ट्रीय सरकार आणि काउंटी यांनी निम्मे निम्मे द्यायचे आहे. त्यांच्या फोनमधील प्रणाली कम्युनिटी हेल्थ टूलकिट या मुक्तस्रोत (कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशा) पायावर उभी आहे आणि ती नेटवर्क नाही असे धरूनच चालते. नोंद आधी फोनमध्ये पक्की होते आणि जोडणी मिळाली की पुढे जाते. दवाखान्यातील प्रणालीही याच वृत्तीने बांधावी असे माझे ठाम मत आहे.

वर्धेकर:

मी डॉक्टर आहे आणि क्षयरोग कार्यक्रमात काम करतो. केनियात काही महिने एका प्रशिक्षणासाठी राहिलो होतो. वरील प्रतिसाद वाचून एका बाजूची भर घालावीशी वाटते, ती म्हणजे गोपनीयतेची.

आपल्याकडे हा विषय पुष्कळदा शेवटच्या पानावर ढकलला जातो. केनियात तो न्यायालयात लढला गेला आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी शाळकरी मुलांसह एचआयव्हीबाधितांची माहिती गोळा करण्याचा आदेश दिला. औषधे सर्वांपर्यंत पोहोचावीत हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. एका नागरी संस्थेने बाधित व्यक्तींसह त्याला आव्हान दिले आणि २०१६ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो आदेश खाजगीपणाच्या घटनादत्त हक्काचा भंग करणारा ठरवला. त्यानंतर २०१९ मध्ये माहिती संरक्षण कायदा आला. राष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या योजनेची अंमलबजावणीही २०२१ मध्ये याच कायद्यानुसार आधी परिणाम तपासले नाहीत म्हणून न्यायालयाने अवैध ठरवली. २०२३ मध्ये डिजिटल आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला. २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेशी झालेल्या आरोग्य सहकार्य करारातील माहिती हस्तांतरणाच्या भागालाही उच्च न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. आपण ज्या देशात चालला आहात तेथील नागरिक या प्रश्नावर जागे आहेत, आणि ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष कामात याचा अर्थ फार साधा असतो. गावातल्या दवाखान्यात नोंद करणारी व्यक्ती आणि रुग्ण एकमेकांचे नातेवाईक असू शकतात. ज्या पडद्यावर एचआयव्हीची नोंद दिसते, तो खिडकीतून रांगेला दिसतो का? फोनवर जाणाऱ्या संदेशात आजाराचे नाव आहे का? या दुसऱ्या प्रश्नाचे सुंदर उत्तर केनियातच सापडले होते. २००७ ते २००९ या काळात तेथे ५३८ रुग्णांवर एक चाचणी झाली, जी पुढे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. एचआयव्हीची औषधे नव्याने सुरू केलेल्यांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला परिचारिकेकडून फक्त ‘मांबो?’ म्हणजे ‘कसे काय?’ एवढाच संदेश जाई. रुग्णाने ‘सावा’, म्हणजे ‘ठीक’, किंवा ‘शिदा’, म्हणजे ‘अडचण आहे’, असे ४८ तासांत कळवायचे. अडचण कळवणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्यालाही परिचारिका फोन करीत असे. औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळणाऱ्या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात ५० टक्के आढळले. संदेशात आजार नाही, औषध नाही, घरातल्या कोणी वाचला तरी काही बिघडत नाही. मला यात तंत्रज्ञानापेक्षा पलीकडून फोन करणारी परिचारिका महत्त्वाची वाटते. ती नसती तर ‘शिदा’ हे उत्तर कोणाकडे गेले असते?

नैरोबीकर:

मी नैरोबीत ९ वर्षे आहे आणि याच क्षेत्रात आहे. आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून सरळ लिहितो.

प्रथम जागा अडवण्याबद्दल. या क्षेत्राचा इतिहास केनियाला बाहेरून मिळालेला नाही, तो बऱ्याच अंशी येथेच घडला आहे. पश्चिम केनियातील एल्डोरेट शहराजवळच्या मोसोरिओट ग्रामीण आरोग्य केंद्रात २००१ मध्ये मोई विद्यापीठ आणि इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून संगणकीय रुग्णनोंदी सुरू झाल्या. त्या अनुभवातून २००४ मध्ये ओपनएमआरएसची कल्पना आकारली आणि २००६ मध्ये ते एल्डोरेटमध्ये प्रथम वापरात आले. आज सरकारी दवाखान्यांत चालणारी केनियाईएमआर ही रुग्णनोंदींची प्रणाली त्यावरच बांधलेली आहे. हे सांभाळणारे अभियंते केनियन आहेत आणि माझ्यापेक्षा ते अधिक जाणतात. नोकरीच्या परवान्यासाठीही आपल्या संस्थेला असे कौशल्य येथे का मिळाले नाही हे दाखवावे लागते आणि आपल्या हाताखाली शिकणारा केनियन सहकारी कोण हे कळवावे लागते. पुष्कळ संस्था तो रकाना केवळ नाव लिहून भरतात. आपण तो खरा माना. करारावर सही करण्यापूर्वी त्या सहकाऱ्याचे नाव विचारा आणि त्याच्याशी बोलून घ्या. असा कोणी नेमलेलाच नसेल, तर माझ्या मते आपण जाऊ नये.

आता पैशाबद्दल. २०२५ च्या जानेवारीत मी ज्या प्रकल्पावर होतो तो काम थांबवण्याच्या एका पत्राने थांबला. आमच्या गटातील बहुतेक सहकाऱ्यांची नोकरी गेली, आणि त्यांत माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जबाबदारी पेलणारे लोक होते. तरीही प्रत्येक दवाखान्यात सारखेच घडले नाही, आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्या काउंटीने नोंद अधिकाऱ्याचे पद आपल्या अंदाजपत्रकात घेतले होते आणि जेथे सर्व्हर दवाखान्यातच होता, तेथे परिचारिका दुसऱ्या दिवशीही नोंदी करीत होत्या. जेथे नोंद करणाऱ्या मुलाचा पगार, इंटरनेटचे बिल आणि सर्व्हरचे भाडे हे सगळे प्रकल्पातून जात होते, तेथे संगणकावर कापड घालून वही पुन्हा उघडली गेली. २०१० च्या राज्यघटनेनुसार आरोग्यसेवा ४७ काउंट्यांकडे गेली आहे, त्यामुळे हा प्रश्न नैरोबीतील मंत्रालयात सुटत नाही. तो काउंटीच्या आरोग्य विभागात, दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या वेळी सुटतो. त्या बैठकांना बसण्याची तयारी ठेवा. अभियंत्याला ते आपले काम वाटत नाही, मलाही पहिली काही वर्षे वाटले नव्हते.

आणखी एक बाब. २०२४ च्या ऑक्टोबरात जुन्या राष्ट्रीय रुग्णालय विमा निधीच्या जागी सामाजिक आरोग्य प्राधिकरण आले आणि विम्याच्या दाव्यांची नवी संगणकप्रणाली सक्तीची झाली. ती बंद पडली की रुग्ण ताटकळतो आणि दवाखान्याचे पैसे अडतात, म्हणून तेथील कर्मचाऱ्यांचे पहिले लक्ष तिच्याकडेच राहणार. आपली प्रणाली तिच्याशी बोलू शकली नाही, तर परिचारिकेला तीच नोंद तिसऱ्यांदा करावी लागेल.

खडकवासला:

तिघांचेही मनापासून आभार. आज संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: सोबत काम करणारा केनियन सहकारी कोण, सर्व्हर आणि इंटरनेटचा खर्च तिसऱ्या वर्षी कोण करणार, आणि सही करण्याआधी दोन आठवडे एखाद्या दवाखान्यात बसता येईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच आले. त्या सहकारी सियायाच्याच आहेत आणि आमचे उद्या बोलणे ठरले आहे. तिसऱ्यालाही होकार आला आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘काउंटीशी चर्चा सुरू आहे’ असे आहे, आणि ते लेखी हाती आल्याशिवाय मी सही करणार नाही. भेटीसाठी कोणता काळ बरा?

तळ्याकाठी:

महिन्याचा शेवटचा आठवडा आणि पुढच्या महिन्याचा पहिला, असे जोडून जा, म्हणजे वहीतून गोषवारे कसे निघतात ते पाहता येईल. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, तेव्हा आतले मातीचे रस्ते बंद पडतात. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, तिचा दाखला परतताना मुंबई विमानतळावर दाखवावा लागतो. स्वाहिली शिकाच, पण सियायात लोक घरात धोलुओ, म्हणजे लुओ समाजाची भाषा, बोलतात. ‘इधी नादे?’, म्हणजे ‘कसे आहात?’, असे विचारले की समोरची व्यक्ती ‘अधी माबेर’, म्हणजे ‘बरे आहे’, म्हणते. पहिले दोन दिवस संगणक पिशवीतच ठेवा आणि परिचारिकेला चालणार असेल तर तिच्या ७११ च्या बेरजा करायला बसा.