मलबार हिलची टाकी: पाडायची की डागडुजी करायची?

परळकर: हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली १४.७ कोटी लिटरची टाकी आहे, हे तिथे खेळून मोठे झालेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. ती १८८०च्या दशकातली. विहारचं पाणी १८६० साली शहरात आलं, ते पुरेना म्हणून १८७९ला तुळशी, १८९२ला तानसा. तलाव दूर, म्हणून पाणी टेकडीवर साठवायचं आणि तिथून उतारानंच गिरगाव, फोर्ट, कुलाब्याकडे सोडायचं. सव्वाशेहून जास्त वर्षं ही सोय चाललीय. ती पाडून नवी बांधायची आणि त्यापायी ३८९ झाडांवर गदा, हा महापालिकेनं मांडलेला बेत मला अजिबात पटला नाही. आधी एकेक कप्पा दुरुस्त करा.

खेतवाडीची लेक: झाडांचं मलाही वाईट वाटतं हो. पण आमच्या चाळीत पाणी सुटतं तेव्हा तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. आई सत्तरीची आहे, पहाटे उठून पिंप भरते. शिवाय ऑगस्ट २०२०च्या पावसात त्याच टेकडीचा कडा रस्त्यावर आला होता. एवढं पाणी जुन्या भिंतींवर किती दिवस ठेवायचं?

परळकर: तेव्हा कडा गेला, टाकी नाही. आणि ताई, धार बारीक असण्याचं कारण गल्लीतल्या गंजलेल्या पाइपातही असू शकतं. टाकी नवी केली म्हणून तो पाइप बदलत नाही.

खेतवाडीची लेक: मग पाइपही बदला. आम्ही नको म्हटलंय का? पण "जुनं आहे, चालतंय" हे ऐकायची वेळ नेहमी आमच्यावरच का येते?

निवृत्त चावीवाला: मी व्हॉल्व्ह फिरवण्यात आयुष्य घालवलं. कप्पा रिकामा केल्याशिवाय आतली भिंत, छत, चिरा काही दिसत नाही, आणि रिकामा केला की साठा तेवढा कमी होतो. म्हणून परळकरांची डागडुजीही फुकटात होणार नाही. त्या दिवसांत कपात सोसावी लागेल आणि पहिली झळ वरच्या मजल्यांनाच. तरी माझं मत डागडुजीलाच. दुसरी सोय उभी नसताना चालू टाकी मोडणं मला धोक्याचं वाटतं.

खेतवाडीची लेक: काका, मग कपातीच्या दिवसांत टँकर कुठल्या गल्लीत, किती वाजता, हे आधी लेखी मिळू दे. तेवढं मिळालं तर मी डागडुजीच्या बाजूला येते.

परळकर: ही अट माझ्याही मागणीत घाला.