'ब्रॉड अँड बॅलन्स्ड'ला मराठीत काय म्हणायचं? समतोल, संतुलित की चौरस?

अनुवादिनी_गंगापूररोड
नमस्कार मंडळी, एका ठिकाणी अडकलेय. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करायचं काम आलंय, आठवी ते दहावीच्या पालकांना वाटायचं आहे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'ब्रॉड अँड बॅलन्स्ड करिक्युलम'. मी 'व्यापक व संतुलित अभ्यासक्रम' करून पाठवलं तर ते परत आलं, संस्थेतल्या एका ज्येष्ठ सरांनी कडेला पेन्सिलीने लिहिलंय की संतुलित ही हिंदी झाली, आपल्याकडे समतोल, आणि व्यापक कुणाला कळत नाही, आमच्या वेळी याला चौरस म्हणायचे.

समतोल चालेल मला. पण चौरस? माझ्या डोक्यात चौरस म्हणजे चारही बाजू सारख्या असलेली आकृती, नाहीतर चौरस फूट. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली की 'चौरस आहार' तर आम्ही शाळेत वहीत लिहायचो. आहाराला चालतं ते अभ्यासक्रमाला चालेल? आणि दुसरं म्हणजे करिक्युलमला अभ्यासक्रम म्हटलं तर सिलॅबसला काय म्हणू, दोन्ही शब्द एकाच वाक्यात आलेत. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

जुना_फळा
ताई, त्या सरांचं बरोबर आहे. चौतीस वर्षं शिकवलं मी, आधी सिन्नर तालुक्यात मग नाशकात. चौरस आहार हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता, चौरस शिक्षणही म्हणायचो. चौरस म्हणजे चार रस, गोड आंबट खारट तिखट, ताटात सगळं असलं की जेवण पूर्ण. शिक्षणाचंही तसंच, भाषा, गणित, कला, खेळ. 'समतोल' म्हटलं की नुसता काटा डोळ्यासमोर येतो, चव येत नाही.

शब्दवेल्हाळ
काका, आदर ठेवून सांगतो, 'चार रस' ही व्युत्पत्ती कानाला गोड आहे पण खरी नाही. मुळात रस सहा, म्हणून षड्रस. चौरस आला 'चतुरस्र'वरून, अस्र म्हणजे कोपरा, ज्याला चार कोपरे तो चतुरस्र. हाच शब्द आपण 'चतुरस्र कलावंत' म्हणताना वापरतो आणि निम्मे लोक तो 'चतुरस्त्र' असा लिहितात, जणू काही चार अस्त्रं घेऊन उभा आहे. म्हणजे गंमत बघा, चौरस आणि चतुरस्र एकाच घरातले, एकाला चौकोनाचा अर्थ चिकटला आणि दुसऱ्याला सर्व अंगांनी पुऱ्या माणसाचा. त्यामुळे चौरस अभ्यासक्रम चूक नाही. फक्त आजच्या पालकाला तो चौकोनी वाटेल.

जुना_फळा
चार रस मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं. तुमचं म्हणणं वाचलं. तरी मुलांना समजवायला मी चार रसच सांगेन.

स्वभाषा
संतुलित हिंदी आहे हे कुणी ठरवलं? सम् आणि तुल्, शुद्ध संस्कृत. समतोलमधला तोलही तुलेचाच. मग एक आपला आणि एक परका का? माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'संतुलित आहार' छापलेलं आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. आपण ब्रॉड अँड बॅलन्स्ड या इंग्रजी जोडीच्या मागे का धावतोय? 'सर्वांगीण' हा आपला घडवलेला शब्द आहे, सर्वांगीण विकास सगळ्यांना कळतो. भगूर इथून हाकेच्या अंतरावर, ज्या गावच्या सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द रुळवले, तिथल्या लोकांनी इंग्रजी शब्दाला एकास एक मराठी शब्द शोधत बसावं हे पटत नाही.

सीबीएस_ते_सातपूर
सर्वांगीण विकास इतका वापरून वापरून गुळगुळीत झालाय की प्रत्येक शाळेच्या गेटवर तोच असतो आणि आत काय चालतं ते कुणी बघत नाही. त्याने पालकाला काहीही कळत नाही. मी स्वतः पालक आहे.

स्लाऊची_सून
मी मूळची पंचवटीची, आता बारा वर्षं इंग्लंडात, मुलगा इथल्या सेकंडरीत आहे. हा शब्दप्रयोग इथला आहे म्हणून लिहिते. इथल्या 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यात तो आला, ज्या कायद्याने इथे राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू केला त्यातच, आणि पुढे 2002 च्या कायद्यात परत आला. पण कायद्यात शब्द उलट क्रमाने आहेत, आधी 'बॅलन्स्ड' आणि मग 'ब्रॉडली बेस्ड'. ब्रॉड नाही, ब्रॉडली बेस्ड. म्हणजे ज्याची बैठक रुंद आहे असा. पुढे म्हटलंय की असा अभ्यासक्रम मुलांची आध्यात्मिक, नैतिक, सांस्कृतिक, मानसिक आणि शारीरिक वाढ साधेल आणि त्यांना पुढच्या आयुष्यातल्या संधी, जबाबदाऱ्या, अनुभव यांना तयार करेल. तेव्हा 'व्यापक'पेक्षा 'रुंद पायाचा' जास्त जवळ जातं असं मला वाटतं.

आणि कायद्यात लिहिलं म्हणजे झालं असं नाही. 2010 मध्ये इथे शाळांच्या निकालाची ईबॅक नावाची मोजणी आली, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, एक भाषा आणि इतिहास किंवा भूगोल एवढंच धरायचे, चित्रकला, संगीत, नाटक, डिझाइन त्यात नव्हतं. शाळा त्या मोजणीकडे बघून तास ठरवायला लागल्या. बऱ्याच शाळांनी अकरा ते चौदा वयाचा तीन वर्षांचा टप्पा दोनच वर्षांत आटपून मुलांना लवकर परीक्षेच्या विषयांना लावलं, म्हणजे संगीत सुटायचं ते बाराव्या-तेराव्या वर्षीच. 2019 पासून तपासणीवाले अभ्यासक्रम किती रुंद आहे हे पुन्हा विचारायला लागले.

अनुवादिनी_गंगापूररोड
'रुंद पायाचा' फार आवडलं. सरांना चालेल का माहीत नाही. सिलॅबसचं कुणी सांगेल का?

बीएड_चालू_आहे
ताई, आम्हाला अभ्यासक्रम म्हणजे करिक्युलम आणि पाठ्यक्रम म्हणजे सिलॅबस असं शिकवतात. अभ्यासक्रमात शाळेत मुलाला जे जे अनुभव मिळतात ते सगळं, पाठ्यक्रम म्हणजे एका विषयात काय काय शिकवायचं त्याची यादी. हिंदीत गेलात की गोंधळ, तिथे करिक्युलमला पाठ्यचर्या आणि पाठ्यक्रम म्हणजे सिलॅबस. 2005 चा आराखडा हिंदीत 'राष्ट्रीय पाठ्यचर्या की रूपरेखा' आणि आपल्याकडे 'राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा'. परीक्षेत आम्ही दोन्हीची सरमिसळ करतो आणि मार्क जातात.

शब्दवेल्हाळ
पाठ्यचर्या मला खूप योग्य वाटतो, दिनचर्येसारखा, त्यात चालणं आहे, लॅटिन करिक्युलमच्या मुळाशीही धावणं आहे, शर्यतीची धाव. आणि सिलॅबस हा तर चुकून जन्मलेला शब्द, सिसेरोच्या पत्रांत चामड्याच्या चिठ्ठीसाठी एक शब्द होता, सित्तिबास, तो जुन्या छापील प्रतीत चुकीचा पडला आणि ती चूकच रूढ झाली. जगभर रोज कोट्यवधी मुलं जो शब्द उच्चारतात तो छापखान्यातली चूक आहे. आता 'चूक की बरोबर' म्हणून भांडताना हे लक्षात ठेवा.

आणि अभ्यास म्हणाल तर संस्कृतात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं, गीतेत 'अभ्यासेन तु कौन्तेय' आहे तो तोच. हिंदीत अजून तोच अर्थ आहे, सराव. मराठीत मात्र तो स्टडी या अर्थाने रुळला.

स्वभाषा
म्हणजे चूक रूढ झाली की ती बरोबर, असं तुम्हाला म्हणायचंय? मग शाळेत शुद्धलेखन शिकवायचंच कशाला.

शब्दवेल्हाळ
तसं म्हणालो नाही.

द्राक्षवाला_निफाड
भो मी शब्दातला माणूस नाही पण ब्रॉडचं एक सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला घड भरपूर येतात, सगळे ठेवले तर एकही मणी नीट फुगत नाही, म्हणून विरळणी करायची, घड कमी करायचे मग घडातले मणी पण कमी करायचे. पोराच्या दहावीच्या विषयांची यादी बघितली तर मला तेच वाटलं, गणित विज्ञान भाषा सामाजिक शास्त्र आणि वर जलसुरक्षा, स्वविकास व कलारसास्वाद, संरक्षणशास्त्र. रुंद आहे पण पाणी कुठून आणायचं. विरळणी केल्याशिवाय समतोल येत नाही.

सीबीएस_ते_सातपूर
दादा, विरळणीत नेहमी तोच घड जातो पण. कला आणि खेळ. गणिताचा घड कुणी कधी खुडलाय?

द्राक्षवाला_निफाड
हे खरं आहे.

रविवार_कारंजा
आमचं सराफी दुकान होतं आजोबांपासून, आता बंद आहे, पण तोल या शब्दावर मला बोलायचंय. तुम्ही सगळे समतोल म्हणताय आणि दोन पारडी सारखी असं धरताय. जुन्या हाताच्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना कधीच तंतोतंत सारखी नसतात, एकीकडे दांडी थोडी झुकतेच. तर जी बाजू हलकी तिकडे एक खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा दोरीने बांधतात, त्याला पासंग म्हणतात. पासंगाने काहीच तोलायचं नसतं, त्याला किंमत नसते, तो फक्त दांडी सरळ दिसावी म्हणून. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं आपण म्हणतो ते यावरून.

आता शाळेत बघा. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली की दहावीच्या टक्क्यात वाढीव गुण. खेळाडूंना वाढीव गुण. पोरगं चित्र का काढतंय, तर टक्केवारीची दांडी सरळ व्हावी म्हणून. हे विषय आपण पासंग करून टाकलेत. कागदावर समतोल दिसतो, आणि तोलायचा माल एकाच पारड्यात.

जुना_फळा
रविवार कारंजावाले दादा, हे वाचून सकाळपासून अस्वस्थ आहे. मी गणित शिकवायचो. नोव्हेंबरनंतर दहावीच्या वर्गाचे चित्रकलेचे आणि पीटीचे तास मी मागून घ्यायचो, दरवर्षी. चित्रकलेचे सर सज्जन, कधी नाही म्हणाले नाहीत, वर्गाबाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. मला तेव्हा वाटायचं मी मुलांचं भलं करतोय, निकालही लागायचा. आता नातीला भूमिती शिकवताना कळतंय की जिच्या हाताला रेघेची सवय आहे तिला रचना दोन मिनिटांत कळते, आणि माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना कंपास धरता येत नव्हता त्यांची ती सवय मीच काढून घेत होतो. वेळापत्रकात तो तास शेवटपर्यंत 'चित्रकला' म्हणूनच लिहिलेला असायचा. तेव्हा ताई, शब्द कुठलाही घाला, समतोल घाला, पण खाली तासांचा तक्ता पण छापा म्हणावं शाळेला, कुठल्या विषयाला आठवड्याला किती तास ते.

अनुवादिनी_गंगापूररोड
काका, तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. तक्त्याचं मी संस्थेला नक्की विचारते.

बीएड_चालू_आहे
2023 च्या राष्ट्रीय आराखड्यात नववी-दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यांच्या जोडीला कला, शारीरिक शिक्षण, व्यावसायिक शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय असा विषय धरलेला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर स्पष्ट आहे की अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं अशी पक्की भिंत नको. म्हणजे 'अभ्यासेतर' हा शब्दच जायला हवा. आम्हाला 'सहशालेय' लिहायला सांगतात. पत्रकात हा शब्द असेल तर तोही बघा ताई.

सीबीएस_ते_सातपूर
सहशालेय म्हणजे शाळेच्या सोबत, म्हणजे परत शाळेच्या बाहेरच ना. नाटक शाळेच्या सोबत आणि भूगोल शाळेच्या आत?

स्वभाषा
वरच्या सगळ्या भावना समजल्या, तरीही शब्दचर्चा आहे म्हणून नोंदवतो. पासंग हा फारसी शब्द आहे. मराठी शिक्षणाचं दुखणं सांगायला फारसी कशाला?

रविवार_कारंजा
तराजूही फारसीच आहे. शाई फारसी, दप्तर फारसी, हजेरी अरबी. हे सगळं काढलं तर शाळेत उरेल फक्त इयत्ता.

शब्दवेल्हाळ
इयत्ता मात्र अस्सल संस्कृत आहे, इयत् म्हणजे एवढं, इयत्ता म्हणजे 'एवढेपणा', मोजमाप. मुलाला आठवी इयत्ता म्हणजे एवढं मोजून झालं. मला हा शब्द नेहमीच थोडा निष्ठुर वाटत आलाय.

जुना_फळा
पासंग हा पाषाणावरून आला असणार. खडाच बांधतात ना.

शब्दवेल्हाळ
काका, नाही, फारसीत संग म्हणजे दगड. संगमरवरातला संग तोच.

जुना_फळा
दगडच आहे म्हणजे शेवटी.

स्लाऊची_सून
माझ्या सासूबाई पासंगाऐवजी 'धडा करणे' म्हणायच्या, डबा आधी तागडीत ठेवून दुसरीकडे तेवढंच वजन टाकायचं आणि मग त्यात तेल मोजायचं. पुस्तकातला धडा आणि हा धडा एकच का?

शब्दवेल्हाळ
धड्याचं मला बघावं लागेल. पण धडा आणि पासंग एकच नाहीत, धडा भांड्याचं वजन वजा करायला असतो आणि पासंग दांडीच्या खोडीसाठी.

अनुवादिनी_गंगापूररोड
मंडळी, आज गुरुवार. मी 'रुंद पायाचा, समतोल अभ्यासक्रम' असं करून पाठवलं होतं. सरांनी 'रुंद पायाचा' वर फुली मारून 'चौफेर' केलंय, समतोल तसंच ठेवलंय, आणि तासांच्या तक्त्याबद्दल म्हणाले की जागा नाही. 'चौफेर' चालेल का? मला चौफेर म्हटलं की फटकेबाजीच आठवते.

द्राक्षवाला_निफाड
चौफेर पाऊस पण म्हणतो की आपण. चांगला शब्द आहे. सगळ्या शिवारात पडला तरच म्हणतो, एकाच गटात पडला तर नाही.

स्वभाषा
'सर्वांगीण'चा विचार अजूनही व्हावा.

रविवार_कारंजा
धड्यावरून आठवलं, आजोबांची तागडी आमच्या माळ्यावर आहे, पितळी पारड्यांची. रविवारी काढतो, पासंग अजून बांधलेला आहे का बघतो.

जुना_फळा
बघाच. लाखेने चिकटवलेला असेल तर सांगा, आमच्याकडे तसा होता, दांडीच्या आतल्या अंगाला.