मोबाइलवरची थेरपी म्हणजे थोतांड? मग उदगीरच्या मुलीने जायचं कुठे?

उदगीरची_आई:
परवा इथे एका काकांनी लिहिलं, "मोबाइलने पोरं बिघडवली, आता इलाजही मोबाइलवरच! ज्या विहिरीत पडला तिचंच पाणी पाजा." वर शेकड्याने लाइक. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबण.

माझी मुलगी पंधराची, दहावीत. गेल्या वर्षी घटक चाचणीच्या सकाळी उलट्या सुरू झाल्या. आधी पित्त म्हटलं, मग जंत, मग दृष्ट काढली (हो, मीच). शेवटी लातूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. अँग्झायटी निघाली, आणि सोबत लहानपणापासूनचा एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ), ज्याला आम्ही दहा वर्षं 'धांदरटपणा' म्हणत होतो. डॉक्टर चांगले आहेत. पण दर आठवड्याला बोलायला कुणीतरी हवं, आणि त्यासाठी लातूर म्हणजे एसटीत अख्खा दिवस. माझा खाडा, तिची शाळा बुडणार, आणि शाळा बुडाली की तिची धडधड दुप्पट. म्हणून पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे व्हिडिओवर सुरू केलं.

दर मंगळवारी सात वाजता. घरात खोल्या दोनच, त्यामुळे ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसते, फोन लोणच्याच्या रिकाम्या बरणीला लावलेला. मी जिन्यात पहारा देते, कुणी कपडे काढायला वर जाऊ नये म्हणून. बाईंनी तिला ज्याची भीती तेच करायला लावलं, पण पायरी पायरीने. आधी घरी जुना पेपर, मग रिकाम्या वर्गात, मग घड्याळ लावून मैत्रिणींसोबत. सहामाहीला उलटी झाली नाही. गणिताचे दोन प्रश्न सुटले, पण उलटी नाही झाली.

काका, तुमच्या विहिरीचं पाणी आम्हाला मानवलं.

निवृत्त_खडू:
तो काका मीच. ३४ वर्षं शिकवलं. चुळबुळी पोरं प्रत्येक वर्गात चार-पाच असायचीच. फळा पुसायला, हजेरीपट आणायला त्यांनाच पाठवायचो. त्यांचे पाय मोकळे व्हायचे, माझा तास शांत. आता त्याच चुळबुळीला इंग्रजी नाव आणि तासाला बाराशे रुपये. तुमच्या लेकीचं बरं झालं, आनंद आहे. पण एका शितावरून भाताची परीक्षा करू नका.

रात्रपाळी:
सर, हजेरीपट आणणाऱ्यांतला मी एक. मी परत येईपर्यंत धडा संपलेला असायचा. निदान झालं एकतिसाव्या वर्षी, तीन नोकऱ्या गेल्यावर. तुमच्या त्या चार-पाचांचं पुढे काय झालं?

निवृत्त_खडू:
एक बँकेत मॅनेजर आहे.

रात्रपाळी:
आणि बाकीचे?

ठाण्याचा_बाप:
मी ऑनलाइनच्या विरोधातच आहे, पण सरांच्या कारणांसाठी नाही. एका ॲपवर मुलासाठी बारा सेशनचं पॅकेज घेतलं, पैसे आगाऊ. दोन महिन्यांत तीन 'एक्स्पर्ट' बदलले. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगा. तिसऱ्या वेळी पोरगा म्हणाला, "बाबा, रेकॉर्ड करून ठेवू का?" त्यातल्या एकीचं शिक्षण विचारलं तर सहा महिन्यांचा कोर्स. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावतं. आणि ज्याचं लक्षच लागत नाही त्याला पाऊण तास स्क्रीनसमोर बसवायचं? त्याच्या चष्म्याच्या काचेत मला गेम दिसत होता. बाईंना नव्हता दिसत.

तिसरा_मजला:
मी याच कामात आहे. चष्म्याचं खरं आहे, माझ्याही बाबतीत झालंय.

पण दोन्ही दुखणी एका पोत्यात भरू नका. अँग्झायटीसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी थेरपी) व्हिडिओवर नीट करता येते, कधी कधी समोरासमोरपेक्षा बरी, कारण मूल स्वतःच्या घरात असतं आणि भीतीही तिथलीच असते. एडीएचडीचं तसं नाही. ॲपवरच्या दहा प्रश्नांनी निदान होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे हवीत, शिक्षकांशी बोलावं लागतं. त्यावरचं औषध मिथाइलफेनिडेट तर व्हिडिओवर लिहूनच देता येत नाही, २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांत मनाई आहे. समोर बसून, कागदावर. अशा मुलांसोबत मी वीस मिनिटं बोलते, उरलेला वेळ आईवडिलांशी: दप्तर कधी भरायचं, गृहपाठाचे तुकडे कसे पाडायचे.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी १४४१६. सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा टेली-मानस, ऑक्टोबर २०२२पासून आहे, फुकट, मराठीतही बोलतात. दर आठवड्याच्या थेरपीची जागा ती घेणार नाही, पण कुणाकडे जायचं ते तरी कळतं.

निवृत्त_खडू:
नोंदणीचं पटलं. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. दहावी जवळ आली की अक्षमतेचा दाखला! जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर. माझ्या शेवटच्या तुकडीत नऊ दाखले, नऊही बंगल्यातले. आमच्या शिपायाच्या पोराला धड वाचता येत नव्हतं, त्याला मात्र नाही.

ठाण्याचा_बाप:
दाखला ॲपवर मिळतो असं वाटतं का तुम्हाला? सरकारी रुग्णालयात पाच खेपा घातल्या मी, रजा टाकून. आणि नुसत्या एडीएचडीवर भागत नाही. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता (वाचता-लिहिता किंवा गणित करता न येणं) आहे, एडीएचडीचं नाव नाही. माझ्या मुलाला दोन्ही निघालं म्हणून मिळाला.

रात्रपाळी:
मुंबईत सायन, केईएम, नायर तरी आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्यांनी काय करायचं? आणि सर, शिपायाच्या मुलाला मिळाला नाही ही चूक आहे. नऊ जणांना मिळाला ही नाही.

निवृत्त_खडू:
मग सगळ्यांनाच द्या जादा वेळ. तीन तास तरी कशाला, मुक्कामालाच बोलवा परीक्षेला.

ठाण्याचा_बाप:
चेष्टा पुरे. शिपायाच्या मुलाला वाचता येत नाही हे तुम्हाला दिसत होतं ना? तपासणीला पाठवलंत?

निवृत्त_खडू:
तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

ठाण्याचा_बाप:
त्याच तुकडीत नऊ दाखले होते म्हणालात.

निवृत्त_खडू:
एका वर्गात बहात्तर पोरं सांभाळून दाखवा, मग बोला. पालकसभेला आया यायच्या, हातातलं काम टाकून. बाप निकालाच्या दिवशी उगवायचे, गुण कमी का पडले विचारायला. नुसतं नाव लावून कुणी बाप होत नाही.

तिसरा_मजला:
अहो, जरा दमानं घ्या दोघंही.

उदगीरची_आई:
मी मंगळवारच्या सेशनबद्दल लिहिलं होतं. तुम्ही सगळे दहावीलाच बसलात.

तिसरा_मजला ताई, ते गृहपाठाचे तुकडे कसे पाडायचे ते जरा सविस्तर लिहाल का? आमच्या बाई सांगतात, पण नेमकी तेव्हाच गच्चीवर रेंज जाते.

निवृत्त_खडू:
ताई, विहिरीचं वाक्य मागे घेतो. दाखल्याचं नाही.

ठाण्याचा_बाप:
आणि बापाचं?