मदत हवी आहे: मिस्टरी शॉपरच्या कामातले अडकलेले पैसे आणि नवे काम

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेले चार महिने नोकरी सांभाळून मिस्टरी शॉपरचे, म्हणजे साधे गिऱ्हाईक बनून दुकानातील सेवा तपासण्याचे काम करते. आत शिरल्यापासून किती मिनिटांनी विचारपूस झाली, ट्रायल रूम स्वच्छ होती का, बिल न मागता मिळाले का, हे सारे लक्षात ठेवून त्याच रात्री फॉर्म भरावा लागतो, कारण दुकानात उभ्याने टिपणे काढली तर ओळख उघड होते. काम मला मनापासून आवडते. मात्र मागच्या महिन्यात बिलाच्या फोटोत तारीख पुसट दिसते, एवढ्याच कारणावरून माझा अहवाल नाकारला गेला आणि खरेदीचे पदरचे ६४० रुपये अडकले. मूळ बिल माझ्याजवळ आहे. दाद कोणाकडे मागावी?

आता टेलिग्रामवर एकाने जास्त मानधनाचे काम देऊ केले असून आधी २,००० रुपये अनामत मागितली आहे. कामासाठी आधी पैसे मागणे हीच फसवणुकीची खूण असल्याने मी ती भरलेली नाही, आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हेही मला ठाऊक आहे. परंतु खात्रीच्या संस्था नेमक्या कशा पारखाव्यात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.